गुणपत्रिकेबाहेरचे गुण

बारावीचे वर्ष असलेल्या एका घरात परवा बसण्याचा योग आला. घर दांडिया बाजाराकडच्या जुन्या वस्तीतले, तीन पिढ्या बडोद्यास स्थायिक झालेले. मुलगी हुशार आहे. अमेरिकेतील एखाद्या महाविद्यालयात शिकावे असे तिच्या मनात आहे. अर्थात शिष्यवृत्ती मिळाली तरच. तिकडच्या प्रवेशाचा अर्ज समोर उघडलेला होता. त्या अर्जात शाळेच्या गुणांखेरीज आणखी १० चौकोन असतात. विद्यार्थ्याने अभ्यासाबाहेर काय काय केले ते त्यांत भरावयाचे, आणि प्रत्येकाचे वर्णन १५० अक्षरांत आटोपावयाचे. मुलीने पहिल्या चौकोनात 'शास्त्रीय गायन, सहा वर्षे' असे लिहिले होते आणि पुढे तिचा हात थांबला होता. कारण गाणे तिने दहावीच्या वर्षी सोडले. सोडले म्हणजे घरच्यांनीच सोडावयास लावले. गाण्याला गुण नाहीत, आता अभ्यासाकडे बघ, असे त्या वेळी तिला सांगण्यात आले होते. तेच वडील आता तिच्या शेजारी बसून म्हणत होते, "अगं, आणखी काहीतरी आठव. नऊ चौकोन मोकळे आहेत!"

प्रसंग हसू येण्यासारखा खरा, पण हसून सोडून देण्यासारखा नाही. एकाच मुलीला एकाच घरात दोन वर्षांच्या अंतराने दोन उलट उपदेश ऐकावे लागले, आणि दोन्ही वेळा उपदेश करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. दोष त्यांचा नव्हे. महाविद्यालयाच्या दारावर जे मोजले जाते तेच घरात जोपासले जाते, आणि जे मोजले जात नाही ते माळ्यावर जाते, हा व्यवहार आहे. म्हणून प्रश्न असा, की गाणे, खेळ, नाटक, वक्तृत्व, समाजसेवा या अभ्यासेतर उपक्रमांना महाविद्यालयीन प्रवेशात वजन असावे की असू नये?

याबाबत आपल्या मध्यमवर्गात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, गुण ते गुण. बाकी सारे हौसेचे. दुसरा म्हणतो, अमेरिकेत पहा, तेथे मुलाचा सर्वांगीण विकास पाहतात. आपल्याकडे मात्र पोपट निर्माण होतात. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे आणि दोघांनाही एका गोष्टीचा विसर पडला आहे. ती गोष्ट पुढे येईलच. आधी दोघांचे म्हणणे नीट तपासून पाहू.

आपल्याकडील पद्धत कशी आहे हे सांगावयास नकोच. अभियांत्रिकीला जेईई, वैद्यकाला नीट, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांना सीयूईटी. या परीक्षांचा एक मोठा गुण असा, की त्या उमेदवाराचे आडनाव विचारीत नाहीत. रिक्षावाल्याच्या मुलाने बरोबर उत्तर लिहिले तरी तेवढेच गुण आणि कारखानदाराच्या मुलाने लिहिले तरी तेवढेच. शिकवणीवर्गांचे लाखो रुपयांचे शुल्क कोण भरू शकतो हे ध्यानात घेतले तर हा निःपक्षपातीपणा कागदावर दिसतो तेवढा शुद्ध नाही, हेही कबूल केले पाहिजे. तरीही परीक्षेचे नियम सर्वांना आधी ठाऊक असतात, आणि निकालावर कोणाच्या आवडीनिवडीची सावली पडत नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

पण या पद्धतीची किंमत मूल मोजते. आठवी-नववीपासून पेटी बंद होते, मैदान सुटते, अवांतर वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय ठरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यामधली भिंत पाडावी असे स्पष्ट म्हटले आहे. भिंत धोरणात पडली. दारावरचा तराजू मात्र बहुतेक ठिकाणी जुनाच आहे. दारावर केवळ प्रश्नांची उत्तरेच तोलली जाणार असतील, तर चौदा वर्षांच्या मुलाने तबला का चालू ठेवावा, याचे उत्तर बापाजवळ नसते.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील नामांकित महाविद्यालये अभ्यासेतर गुण पाहतात ही गोष्ट आपण आदराने सांगतो. ती त्यांनी का व केव्हापासून पाहावयास सुरुवात केली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डसारख्या विद्यापीठात प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांत पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतील मुलांची संख्या वाढत गेली आणि १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत ती पंचमांशाच्या वर पोहोचली. तत्कालीन अध्यक्ष लॉवेल यांना हे खपेना. त्यांनी उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला; तो प्राध्यापकांच्या समितीने मान्य केला नाही. मग १९२६ पासून दुसरी वाट निघाली. परीक्षेच्या गुणांबरोबर उमेदवाराचे 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', 'नेतृत्व' पाहावयाचे, आणि अर्जाला छायाचित्र जोडावयाचे. येल आणि प्रिन्स्टन येथेही याच धर्तीची निवड रुजली. नको असलेले विद्यार्थी कमी झाले आणि कोणाला का नाकारले हे सांगण्याची गरज उरली नाही. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या जाडजूड ग्रंथात हा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे.

म्हणजे ज्या पद्धतीला आपण उदार दृष्टीचे फळ समजतो, तिचे बी संकुचित मनाच्या जमिनीत पेरले गेले होते. बी वाईट म्हणून झाड वाईटच, असे मी म्हणणार नाही. पुढे याच पद्धतीने खेड्यापाड्यांतील, कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांनाही आत घेण्याची सोय केली. तथापि मूळचा दोष पुरता गेला नाही. जी गोष्ट मोजण्याचे माप उघड नसते, तिच्यात मापणाऱ्याचा हात शिरतो, हा तो दोष.

त्याची दोन अलीकडची उदाहरणे. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत एक मोठे प्रवेश प्रकरण उघडकीस आले. श्रीमंत पालकांनी एका दलालामार्फत लाच देऊन मुलांना खेळाडू म्हणून नामवंत विद्यापीठांत घुसविले होते. त्यांतील काही मुले तो खेळ कधी खेळलीही नव्हती. कोणाला वल्ही मारण्याच्या यंत्रावर बसवून छायाचित्र काढण्यात आले होते. दुसरे उदाहरण लाचलुचपतीचे नाही, म्हणून अधिक विचार करावयास लावणारे आहे. २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील १२ अतिनामांकित महाविद्यालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेतील गुण सारखेच असताना, सर्वांत श्रीमंत अशा शेकडा एक घरांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तेथे पोहोचतात, असे त्यांना आढळले. कारणे तीन निघाली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची खास भरती, आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यांकन. यात कोणी खोटे बोलले नव्हते. ती मुले खरोखरच तलवारबाजी शिकली होती, खरोखरच परदेशी सेवाशिबिरांना गेली होती. फक्त त्या सगळ्याला पैसे लागले होते.

येथे दोन्ही पक्षांना पडलेला विसर समोर येतो. छंदाला गुण द्यावयाचे की नाही, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की छंद जोपासण्याची जागा कोणाला मिळाली? ज्या गावात मैदान सर्वांना खुले आहे, त्या गावात पळण्याच्या शर्यतीचे बक्षीस न्यायाचे असते. जेथे मैदानाला कुंपण आहे, तेथे तेच बक्षीस कुंपणाच्या आत जन्मलेल्यांचे अभिनंदन होऊन बसते.

आपल्याकडेही हा धोका दूर नाही. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला आणि खेळ यांतील प्रावीण्याला जादा गुण देण्याची पद्धत आहे. हेतू उत्तम. त्यामुळे कितीतरी मुलांची पेटी आणि कुंचला वाचला असेल. पण गाण्याचे गुण एकूण बेरजेत मिळविले की पालक गाण्याकडे बेरजेच्याच दृष्टीने पाहू लागतो. मुलगा कसा गातो हे विचारण्याऐवजी तो कितव्या परीक्षेला बसला हे विचारले जाते. आणि ज्या तालुक्यात गाण्याचा शिक्षकच नाही, तेथल्या मुलाच्या बेरजेत ते गुण येणार कोठून?

ही तक्रार लिहिताना आपल्या बडोद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर या शहराने फार पूर्वी देऊन ठेवले होते. जुम्मादादांनी १८८० मध्ये येथे व्यायाममंदिर काढले आणि पुढे प्रो. माणिकरावांनी ते देशभर नावारूपाला आणले. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली आणि गाणे घराण्याचा उंबरठा ओलांडून शाळेच्या बैठकीवर आले. सयाजीराव महाराजांनी १८९३ पासून अमरेलीकडच्या गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला. तेथून त्यांनी काय आणले? त्यांच्या मनात भरली ती तिकडची सर्वांना खुली असलेली ग्रंथालये. १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास बोलावून घेतले, आणि पुस्तकांनी भरलेल्या पेट्या राज्यातील खेड्यापाड्यांत फिरू लागल्या.

या सर्व संस्था कोणत्याही महाविद्यालयाच्या अर्जातील चौकोन भरण्यासाठी निघाल्या नव्हत्या. रियासतीचे मूल अंगाने सुदृढ व्हावे, त्याला सूर कळावा, त्याच्या हाती पुस्तक पडावे, एवढाच त्यामागचा विचार होता. छंदाला गुण नव्हते, पण छंदाला जागा होती. आज छंदाला गुण देण्याची भाषा सुरू आहे, आणि जागा मात्र आकसत चालली आहे. शाळेची मैदाने वाहनतळ झाली, गल्लीतले क्रिकेट मोटारींनी गिळले, आणि उरलेले खेळ महिन्याचे शुल्क घेणाऱ्या प्रशिक्षणवर्गांत गेले. अलीकडच्या काळातही या शहरात खुल्या जागेने काय घडते ते आपण पाहिले आहे. मांडवीजवळच्या मशिदीच्या आवारात, मुअज्जिन म्हणून सेवा करणाऱ्या बापाच्या घरी वाढलेले इरफान आणि युसूफ हे पठाण बंधू भारतीय संघापर्यंत पोहोचले. त्यांना लाभलेले पहिले मैदान म्हणजे त्या मशिदीचे आवारच होते.

पूर्वीचे बडोदे म्हणजे रामराज्य होते असे मात्र कोणी समजू नये. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत, घरातली माणसे झोपल्यावर दिव्याच्या उजेडात त्यांनी विद्या मिळविली होती. १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीसाठी परतले तेव्हा याच शहरात त्यांना राहावयास कोणी जागा दिली नाही. ज्या पारशी वसतिगृहात ते उतरले होते तेथूनही त्यांना हाकलण्यात आले, आणि सयाजीबागेत झाडाखाली बसून त्यांना अश्रू गाळावे लागले. त्यांना शिष्यवृत्ती देणारे शहर हेच, आणि खोली नाकारणारे शहरही हेच. आता एवढेच मनाशी आणून पहा, की त्या तरुणाला कोणी १० चौकोन भरावयास सांगितले असते तर त्याने काय भरले असते? कोणत्या क्लबाचा चिटणीस, कोणत्या संघाचा कर्णधार? ज्या समाजात त्याला मैदानातच पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्या समाजाने त्याच्या मैदानी गुणांची चौकशी करणे हा क्रूर विनोद झाला असता. आणि ज्या कोलंबियाने त्यांना ज्ञान दिले, तीच कोलंबिया काही वर्षांनी ज्यू विद्यार्थी कमी करण्यासाठी 'चारित्र्या'ची चाळणी लावणाऱ्यांत पुढे होती.

मग अभ्यासेतर गुण मोजूच नयेत काय? माझे मत तसे नाही. मोजावेत, पण चार पथ्ये पाळून.

पहिले पथ्य, मापाआधी मैदान. जे सरकार वा जे विद्यापीठ छंदाला गुण देऊ इच्छिते, त्याने आधी प्रत्येक शाळेत छंदाला जागा, वेळ आणि शिक्षक द्यावा. ज्या शाळेत यांतले काहीच नाही तेथील मुलाचा चौकोन कोरा राहिला, तर तो त्याचा दोष मानू नये.

दुसरे, प्रमाणपत्र पाहू नये, कसब पाहावे. कलाशाळांत उमेदवाराला समोर बसवून चित्र काढावयास लावण्याची रीत आहे. ती सर्वांत न्यायाची. गाणाऱ्याने गावे, खेळणाऱ्याने खेळून दाखवावे. छायाचित्र आणि शिक्का यांना जितका मान कमी, तितका दलालाचा धंदाही कमी. मद्रासच्या आयआयटीने २०२४ पासून खेळाडूंसाठी आणि त्याच्या पुढील वर्षापासून कलावंतांसाठी पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात दोन-दोन जागा ठेवल्या आहेत. मात्र प्रवेश परीक्षेची पात्रता त्या विद्यार्थ्यांनाही सुटत नाही. अभ्यासाची किमान पायरी कायम, जागा मोजक्या आणि नियम आधी जाहीर, ही दिशा मला बरी वाटते.

तिसरे, संख्या पाहू नये, निष्ठा पाहावी. दहा ठिकाणी तोंड दाखविणाऱ्यापेक्षा एका ठिकाणी दहा वर्षे घाम गाळणारा अधिक योग्यतेचा. अमेरिकेतही आता हा विचार मूळ धरीत आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात, उपक्रमांची लांबलचक यादी मागू नका आणि घरच्या जबाबदाऱ्यांनाही मान द्या, अशी शिफारस केली होती.

हेच माझे चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य. जो मुलगा पहाटे वर्तमानपत्रे टाकतो, जी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळून शाळेत येते, जो सुट्टीत बापाच्या हातगाडीवर उभा राहतो, त्याच्या अंगी जबाबदारी, चिकाटी आणि माणसे सांभाळण्याचे कसब नाही असे कोण म्हणेल? नेतृत्व, नेतृत्व म्हणून जे शोधावयाचे ते याहून वेगळे काय असते? आमच्या समजुतीत मात्र उपक्रम म्हणजे ज्याला शुल्क भरावे लागते ते. आणि ज्याचे चार पैसे घरात येतात ते म्हणजे लाजिरवाणी गरज. ही समजूत आधी बदलली पाहिजे.

कोणी म्हणेल, छंद मोजावयास लागलात की छंद मेला. तो आणखी एक विषय होईल आणि त्याच्याही शिकवण्या निघतील. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याला पुरते उत्तर नाही. म्हणूनच हे वजन थोडे असावे. परीक्षेने पात्र ठरलेल्या दोघांत निवड करताना, किंवा मोजक्या राखीव जागांपुरते, त्याचा उपयोग व्हावा. सर्व मुलांच्या बेरजेत ते ओतू नये. छंदाचा खरा मोबदला छंदातच आहे. दाराने त्याच्या आड येऊ नये, एवढीच दाराकडून अपेक्षा.

त्या संध्याकाळी चौकोनांचा प्रश्न पुढे कसा सुटला ते सांगून संपवितो. बोलता बोलता माझे लक्ष ओट्यावर धुऊन पालथ्या घातलेल्या डब्यांकडे गेले. चौकशी केली तेव्हा कळले, की दोन वर्षांपासून मुलीची आई परगावच्या विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे देते. पहाटे साडेपाचला उठून पोळ्यांना हात लावणे, डबे भरणे आणि महिनाअखेरीस हिशेब लिहिणे ही कामे मुलीकडे आहेत. मी म्हटले, "मग दुसऱ्या चौकोनात हे लिही." वडील ओशाळले. "हे कसले लिहायचे, काका? लोक काय म्हणतील?" मी त्यांना अर्जातील उपक्रमांच्या यादीकडे बोट दाखविले. तेथे 'कौटुंबिक जबाबदारी' आणि 'वेतनाचे काम' असे दोन्ही प्रकार छापलेले आहेत. ज्या अर्जाची भीती वाटत होती त्या अर्जाला त्या कामाची लाज नव्हती; लाज होती ती आमच्या घरात.

मुलीने ते लिहिले. आईने एकदा डोळे पुसले आणि ती पुन्हा कामाला लागली. प्रवेश मिळेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही, आणि तो न मिळाला तरी या दोन वर्षांची किंमत कमी होत नाही. निघताना मी मुलीला एवढेच सांगितले, की परीक्षा संपली की गाणे पुन्हा सुरू कर, आणि ते कोणत्याही चौकोनासाठी करू नकोस.

आपण नागरिकांनी मात्र एक करावे. मुलांच्या छंदाला गुण मिळावेत म्हणून सरकारकडे अर्ज करण्याआधी, आपल्या वस्तीतील शाळेचे मैदान संध्याकाळी पाच ते सात सर्व मुलांसाठी उघडे राहावे, एवढा अर्ज शाळेच्या चालकांकडे करावा. त्यासाठी १० चौकोन लागत नाहीत. दाराची किल्ली लागते.